पदवीच्या दारांतील ग्रीक

सन १८२७ च्या हिंवाळ्याच्या तोंडीं श्रूजबरी गांवच्या एका सधन डॉक्टराच्या घरीं अठरा वर्षांचा एक मुलगा ग्रीक मुळाक्षरें पुन्हा गिरवीत बसला होता. शाळेंत सात वर्षें त्यास ग्रीक व लॅटिन यांवांचून फारसें दुसरें कांहीं शिकविलेंच नव्हतें. पण मधलीं दोन वर्षें एडिंबरो येथें वैद्यकाच्या अभ्यासांत गेलीं, आणि तेवढ्या अवधींत तो सारें इतकें विसरला कीं, ग्रीक लिपींतील कांहीं अक्षरेंहि त्यास ओळखतां येईनात. वैद्यक त्याला मानवलें नाहीं, तेव्हां वडिलांनीं त्याला धर्मोपदेशक करण्याचें ठरविलें. धर्मोपदेशकास विद्यापीठाची पदवी हवी, पदवीसाठीं केंब्रिज हवें, आणि केंब्रिजसाठीं ग्रीक हवें! म्हणून ऑक्टोबरांत कॉलेज उघडलें तरी हा मुलगा घरींच खासगी शिक्षकापाशीं बसला, आणि नाताळ उलटून गेल्यावर केंब्रिजला रवाना झाला. त्या मुलाचें नांव चार्ल्स डार्विन. ही हकीकत त्यानेंच उतारवयांत आपल्या आत्मवृत्तांत लिहून ठेवली आहे, आणि कोणतीहि भाषा नीट आत्मसात् करणें आपल्याला जन्मांत साधलें नाहीं असाहि कबुलीजबाब तेथेंच दिला आहे.

श्रोतेहो, पदवी हवी असेल तर स्वतःची नसलेली एक भाषा आलीच पाहिजे, असा नियम जगांतील पुष्कळ विद्यापीठांनीं वेळोवेळीं केलेला आहे. नियम करणाऱ्यांचा हेतु बहुधा चांगला असतो. परंतु नियम पुरा करणें ही एक गोष्ट आणि भाषा येणें ही दुसरी. त्या दोहोंच्या मधल्या जागेंत काय काय घडतें, हें पाहण्यासारखें असतें. ह्यासाठींच मी आज केंब्रिज येथील ग्रीकच्या सक्तीची हकीकत निवडली आहे. ऑक्सफर्डची हकीकत तिच्याशीं जुळतीच आहे. तिचा उल्लेख ओघानें येईल.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ग्रीक ही इंग्लंडच्या विद्यापीठांची अनादिकालापासूनची कुलदेवता होती, असें सक्तीचे अभिमानी पुढें बोलूं लागले. पण तें खरें नव्हे. मध्ययुगांत तेथें सारा व्यवहार लॅटिनमध्यें चाले. ग्रीक ही नवी आणि काहींशी संशयास्पद भाषा होती. इरॅस्मससारख्या पंडितानें १५११ ते १५१४ पर्यंत केंब्रिजमध्यें राहून ती शिकविली. तिकडे ऑक्सफर्डमध्यें १५१८ च्या सुमारास ग्रीकच्या शत्रूंचा एक पक्षच उभा राहिला, आणि ग्रीकांचे वैरी म्हणून त्या मंडळींनीं स्वतःस 'ट्रोजन' असें नांव घेतलें. त्यांची कानउघाडणी करण्यासाठीं सर टॉमस मोर याला विद्यापीठास एक लांबलचक पत्र लिहावें लागलें. पुढें १५४० सालीं राजा आठवा हेन्री यानें केंब्रिजमध्यें ग्रीकचें अध्यापकपद स्थापिलें, आणि नवी भाषा हळूहळू जुनी झाली. म्हणजे ज्या भाषेला एका काळीं दाराबाहेर थोपविण्याचा यत्न झाला, तीच कालांतरानें दारांत पहाऱ्यास बसली.

आतां हा पहारा कसा होता तें पाहूं. केंब्रिजनें १८२२ सालीं 'प्रीव्हियस एक्झॅमिनेशन' म्हणून एक परीक्षा ठरविली. ती १८२४ पासून सुरू झाली. विद्यार्थी तिला 'लिटल-गो' म्हणत. पुढें तुम्ही गणित घ्या, रसायन घ्या, कायदा घ्या. ही लहान खिंड ओलांडल्यावांचून पदवीच्या मोठ्या मैदानांत उतरतां येत नसे. प्रारंभीं तींत चार शुभवर्तमानांपैकीं एक किंवा प्रेषितांचीं कृत्यें मूळ ग्रीकमध्यें, एक लॅटिन ग्रंथ, एक ग्रीक ग्रंथ, आणि ख्रिस्तीधर्माच्या प्रमाणांवरील पेलीचें पुस्तक, एवढे विषय असत. पुढें गणितादि विषय वाढले. ऑक्सफर्डमध्यें अशीच 'रिस्पॉन्शन्स' नांवाची परीक्षा १८०८ पासून होती.

कागदावर पाहिलें तर ही कांहीं राक्षसी परीक्षा नव्हे. एक शुभवर्तमान आणि एखादें ग्रीक नाटक अथवा इतिहासाचा एखादा खंड, अधिक नाहीं. डार्विननेंही एक-दोन महिने अभ्यास करून ती सहज पार पाडली. पण सर्वच मुलें श्रूजबरीसारख्या शाळेंतून सात वर्षें काढून येत नव्हतीं. गणिताची किंवा विज्ञानाची गोडी घेऊन जो विद्यार्थी येई, आणि ज्याच्या शाळेंत ग्रीक नसे, त्यानें काय करावें? त्यानें तेंच केलें जें आपल्याकडील विद्यार्थ्यांनीं अशा प्रसंगीं पिढ्यान् पिढ्या केलें आहे. त्यानें भाषांतर पाठ केलें. नेमलेलें पुस्तक आधींच ठाऊक असे. त्याचीं शब्दशः इंग्रजी भाषांतरें दुकानांत मिळत. परीक्षेची तयारी करून देणारे शिकवणीवाले गल्लोगल्लीं असत. शुभवर्तमानाची तर आणखीच सोय, कारण त्याचा इंग्रजी पाठ लहानपणापासून देवळांत कानांवरून गेलेला. तेवढा घोकून ठेवावा, वर्णमाला शिकावी, विशेषनामें व चारदोन ठळक शब्द ओळखतां येऊं लागले म्हणजे झालें. प्रश्नपत्रिकेंत उतारा कोठें सुरू होतो एवढें कळलें कीं काम भागे. संकट येई तें उतारा कोठें संपतो हें न कळल्यामुळें! नेमलेल्या ओळींच्या पुढें पंधरावीस ओळींचें भाषांतर मोठ्या उदारपणें लिहून मोकळे झालेल्या उमेदवारांच्या गोष्टी केंब्रिजमध्यें चवीनें सांगितल्या जात.

मला ह्या घोकणाऱ्यांस हंसवत नाहीं. अमरकोश आणि रूपावलि पाठ करीत आपल्या कितीतरी पिढ्या वाढल्या आहेत, आणि पाठांतर ही वाईट गोष्ट आहे असें मी मानीत नाहीं. पण अमरकोश पाठ करणारा मुलगा निदान संस्कृत तरी पाठ करीत असे. केंब्रिजचा हा विद्यार्थी ग्रीकचें इंग्रजी पाठ करीत होता. परीक्षा ग्रीकची, पाठांतर इंग्रजीचें, आणि परीक्षा संपल्यावर दोन्ही विसरण्याचा सोहळा!

मग ही सक्ति इतकीं वर्षें टिकली कशी? केवळ जुनाटपणामुळें टिकली असें म्हणणें सोपें आहे, परंतु तेवढ्यानें भागत नाहीं. सक्तीच्या बाजूस दोन भक्कम कारणें होतीं. पहिलें चर्चचें. केंब्रिजमधून बाहेर पडणाऱ्या पुष्कळ तरुणांची वाट धर्मोपदेशकाच्या पेशाकडे जात असे, आणि नव्या कराराची मूळ भाषा ज्याला येत नाहीं त्यानें त्यावर प्रवचन कसें करावें, हा प्रश्न पोरकट नव्हता. दुसरें कारण शाळांचें होतें, आणि तें मला अधिक विचार करण्यासारखें वाटतें. हेडमास्तर म्हणत: आज केंब्रिज मागतें म्हणून लहान गांवच्या शाळा ग्रीकचा शिक्षक ठेवतात. उद्यां केंब्रिजनें मागणें सोडलें तर त्या शाळांचे चालक पहिली कात्री त्या शिक्षकाच्या पगारास लावतील. मग ग्रीक राहील ती ईटन-हॅरोसारख्या श्रीमंतांच्या शाळांत, आणि गांवच्या दुकानदाराचा हुशार मुलगा तिला कायमचा मुकेल. सक्ति ही गरिबांचें रक्षण करते, असा हा युक्तिवाद होता. ह्याचें उत्तर प्रतिपक्षानें असें दिलें कीं, त्याच दुकानदाराच्या मुलाच्या शाळेंत आजच ग्रीक नाहीं. म्हणून तो केंब्रिजच्या दाराशींच अडतो. दोघेहि एकाच मुलाचा कळवळा सांगत होते, आणि दोघांच्या म्हणण्यांत तथ्य होतें.

सुधारणेच्या पक्षाचा अग्रणी कोणी ग्रीकचा शत्रु नव्हता, ही ह्या वादांतील लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट होय. हेन्री सिज्विक हा १८५९ सालीं प्राचीन भाषांच्या परीक्षेंत साऱ्या विद्यापीठांत पहिला आला होता. १८६७ मध्यें फॅरर यानें उदार शिक्षणावरील निबंधांचा एक संग्रह प्रसिद्ध केला; त्यांतील आपल्या निबंधांत सिज्विकनें प्राचीन भाषांच्या शिक्षणाची सांगोपांग चिकित्सा करून शाळेंत विज्ञानाला, इंग्रजी वाङ्मयाला आणि फ्रेंचला जागा करून देण्याचा आग्रह धरला. जो ग्रीक उत्तम जाणतो तोच तिची सक्ति नको म्हणतो, हें पाहून विरोधकांची मोठी पंचाईत होत असे. अज्ञानामुळें बोलतो असें त्याला म्हणण्याची सोयच नव्हती.

आणि आतां ह्या कथेंतील जो भाग मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो त्याकडे वळतों. तो भाग स्त्रियांचा.

एमिली डेव्हिस ह्या बाईंनीं १८६९ सालीं हिचिन येथें पांच विद्यार्थिनी घेऊन स्त्रियांचें एक कॉलेज सुरू केलें. पुढें १८७३ मध्यें तें केंब्रिजजवळ गर्टन येथें आलें आणि त्याच नांवानें प्रसिद्ध झालें. त्याच सुमारास, म्हणजे १८७१ त, सिज्विक आणि मिस् क्लफ यांच्या प्रयत्नानें केंब्रिजमध्यें दुसरी संस्था निघाली; तीच पुढें न्यूनहॅम कॉलेज झाली. दोन्ही संस्थांचा उद्देश एकच. परंतु ग्रीकच्या प्रश्नावर त्यांचें जें फाटलें तें फाटलेंच. सिज्विकचें म्हणणें असें कीं, मुलींच्या शाळांत ग्रीक-लॅटिन कोणी शिकवीत नाहीं. ज्या परीक्षेनें मुलांचेंच नुकसान होतें ती सुधारण्याच्या खटपटींत आपण असतां तिचें जोखड मुलींच्या मानेवर नव्यानें कां द्यावें? एमिली डेव्हिस यांचें म्हणणें असें कीं, परीक्षा चांगली कीं वाईट हा प्रश्नच आमच्यापुढें नाहीं. मुलींसाठीं वेगळी परीक्षा म्हटली कीं ती कितीहि शहाणपणाची असो, लोक तिला हलकीच म्हणणार. म्हणून जें पुरुषांना तेंच आम्हांला. ग्रीक असेल तर ग्रीक.

ह्या दोघांत कोण बरोबर होतें? शिक्षणाचा विचार केला तर सिज्विक बरोबर होता, याविषयीं मला शंका नाहीं. पण मान मिळविण्याचा प्रश्न निराळा असतो, आणि तो एमिली डेव्हिस यांनीं अधिक अचूक ओळखला होता. ज्या मुलींनीं विसाव्या वर्षापर्यंत ग्रीक अक्षर पाहिलें नव्हतें त्या हिचिनला येऊन अल्फा-बीटा गिरवूं लागल्या, आणि परीक्षकांच्या खासगी संमतीनें लिटल-गोच्या प्रश्नपत्रिका सोडवूं लागल्या. १८७३ सालीं त्यांपैकीं तिघींनीं केंब्रिजच्या अंतिम परीक्षा, म्हणजे ट्रायपॉस, अशाच अनौपचारिक रीतीनें दिल्या. सेरा वुडहेड हिनें गणिताची. रेचल कुक आणि लुइसा लम्सडेन यांनीं प्राचीन भाषांची. पुढें १८८१ मध्यें विद्यापीठानें स्त्रियांना ह्या परीक्षांस रीतसर बसूं देण्याचें मान्य केलें, आणि गंमत अशी कीं, त्याच वेळीं लिटल-गोच्या ऐवजीं दुसरी परीक्षा देण्याची सवलतहि त्यांना दिली. अर्थात् ज्यांच्या हातीं पदवी पडावयाची नाहीं, त्यांना ग्रीकचा आग्रह कशाला, असा हिशेब त्यांत असावा. कारण परीक्षा द्या, गुणानुक्रम लावून देऊं, पण पदवी मागूं नका, असा तो सारा व्यवहार होता.

१८८७ सालीं मोठी मौज झाली. त्या वर्षीं प्राचीन भाषांच्या ट्रायपॉसमध्यें पहिल्या वर्गाच्या वरच्या श्रेणींत एकहि पुरुष आला नाहीं. एकच नांव आलें, आणि तें गर्टनच्या ॲग्नाटा रॅम्झे हिचें. 'पंच' ह्या विनोदी साप्ताहिकानें चित्र काढलें कीं, आगगाडीच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत ही तरुणी चढत आहे, आणि डब्यावर पाटी आहे, 'केवळ स्त्रियांसाठीं'. ज्या ग्रीकच्या बळावर पुरुष आपला बुद्धीचा अधिकार सांगत होते त्या ग्रीकमध्यें ती साऱ्यांच्या वर गेली. परंतु तिला बी. ए. म्हणवितां येईना, आणि पाठ केलेल्या भाषांतरावर कसाबसा पार पडलेला पुरुष मात्र बी. ए. होऊन घरीं जाई.

आपल्या देशाचा ह्या हकीकतींत संबंध येतो तो असा. धर्माच्या शपथेची अट केंब्रिजमध्यें पदवीपुरती १८५६ त आणि पुढें १८७१ च्या कायद्यानें बहुतेक सर्वत्र गेली, आणि हिंदुस्थानांतून विद्यार्थी तेथें जाऊं लागले. ज्याच्या देशांत स्वतःचीच एक प्राचीन भाषा आहे, त्याला दोन दोन परक्या प्राचीन भाषा शिकावयास लावणें हें विद्यापीठालाहि चमत्कारिक वाटलें असावें. १८६७ पासून कॉवेल हा संस्कृतचा पहिला प्राध्यापक तेथें होताच. तेव्हां आशियांतील विद्यार्थ्यांस ग्रीक किंवा लॅटिनच्या जागीं संस्कृत किंवा अरबी घेण्याची मुभा पुढें मिळाली. ती अगदीं न्याय्यच होती. परंतु तिच्यामुळें सक्तीचा पाया थोडासा ढांसळला, हें तेव्हां किती जणांच्या ध्यानांत आलें कोण जाणे. पुण्याच्या विद्यार्थ्याला ग्रीकवांचून सुशिक्षित होतां येतें, तर मँचेस्टरच्या विद्यार्थ्याला कां येऊं नये?

आणि नियतीचा खेळ असा कीं, ज्या एका हिंदी विद्यार्थ्याला ह्या सवलतीची मुळींच गरज नव्हती, त्यालाच पदवी मिळाली नाहीं. अरविंद घोष हे सातव्या वर्षापासून विलायतेंत वाढले. लंडनच्या सेंट पॉल्स शाळेंत ग्रीक व लॅटिन त्यांनीं कमावली, शिष्यवृत्ति मिळवून ते केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजांत गेले, आणि १८९२ सालीं प्राचीन भाषांच्या ट्रायपॉसच्या पहिल्या भागांत पहिल्या वर्गांत आले. परंतु ही परीक्षा त्यांनीं दुसऱ्याच वर्षीं दिली होती. पदवीसाठीं तिसरें वर्ष पुरें करावयास हवें होतें, तें झालें नाहीं. १८९३ त ते बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या नोकरींत आले. तेथील कॉलेजांत त्यांनीं प्रथम फ्रेंच आणि मग इंग्रजी शिकविलें, मराठीहि शिकून घेतली, आणि केंब्रिजचे स्नेही केशवराव देशपांडे यांच्या 'इंदुप्रकाशां'त राजकारणावर ती गाजलेली लेखमाला लिहिली. ग्रीक उत्तम येणारा पदवीवांचून परतला. ह्याहून नियम आणि विद्या यांच्यांतील अंतर अधिक स्पष्ट काय दिसावें!

केंब्रिजची गोष्ट थोडी बाजूस ठेवून दोन शब्द लंडनविषयीं. बॅरिस्टर होण्यास गेलेल्या मोहनदास गांधींनीं लंडन विद्यापीठाची मॅट्रिक करण्याचें मनांत घेतलें, तेव्हां लॅटिन आणि एक अर्वाचीन भाषा त्यांना सक्तीची होती. त्यांनीं फ्रेंच घेतली, हातीं पांचच महिने होते, आणि पहिल्या खेपेस लॅटिनमध्यें ते नापास झाले. पण त्यांनीं लिहिलें आहे कीं, नापास होईपर्यंत लॅटिनची गोडी लागून गेली होती; १८९० त दुसऱ्या खेपेस ते पास झाले. पुढें रोमन कायदा त्यांनीं मूळ लॅटिनमध्येंच वाचला, आणि ज्या दक्षिण आफ्रिकेंत रोमन-डच कायदा चालतो तेथें ह्या वाचनाचा त्यांना उपयोग झाला. सक्तीची बाजू मांडणाऱ्यास याहून चांगला साक्षीदार मिळणार नाहीं, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे.

मुंबईचें विद्यापीठ १८५७ सालीं ह्या लंडन विद्यापीठाच्याच धर्तीवर निघालें, आणि इंग्रजीबरोबर दुसरी भाषा घेण्याची पद्धतहि त्याबरोबर आली. ही दुसरी भाषा आपल्या घरांत बहुधा संस्कृत; कोणी फार्सी घेई, कोणी लॅटिन. येथें भाषा कोणती घ्यावी हें विद्यार्थ्यानें ठरवावयाचें, असें नियमांत होतें. पण नियमाच्या बाहेर समाज उभा होता. भीमराव आंबेडकर यांची इच्छा संस्कृत घेण्याची होती. अस्पृश्य म्हणून शाळेंतील शिक्षकानें त्यांना संस्कृत शिकविण्याचें नाकारलें, आणि त्यांना फार्सी घ्यावी लागली. १९०७ त ते मॅट्रिक झाले, १९१२ त बी. ए. झाले, आणि संस्कृत त्यांनीं पुढें मोठेपणीं स्वतःच्या परिश्रमानें मिळविली. केंब्रिजमध्यें नको असलेली भाषा लादली जात होती. येथें हवी असलेली भाषा मिळत नव्हती. ह्या दोन अन्यायांत दुसरा अधिक क्रूर होता.

असो. पुन्हां केंब्रिजकडे. १८९१ मध्यें ह्या प्रश्नाची नुसती चौकशी करावी असा प्रस्ताव आला. तोहि पांचशेंवर मतांनीं हाणून पाडला गेला, अनुकूल मतें दोनशेंहि नव्हतीं. खरी लढाई झाली ती १९०५ त. आदल्या वर्षीं अभ्यासक्रमाचा विचार करण्यासाठीं नेमलेल्या मंडळानें ग्रीकची सक्ति काढावी अशी शिफारस केली. महिनोन्महिने पत्रकें, प्रतिपत्रकें, 'टाइम्स'मधील पत्रें यांचा पाऊस पडला. निर्णय सेनेटच्या हातीं होता, आणि सेनेट म्हणजे केवळ अध्यापकवर्ग नव्हे. ज्या ज्या एम्. ए. झालेल्या गृहस्थानें वर्गणी भरून आपलें नांव विद्यापीठाच्या पटावर ठेवलें असेल, तो तो मतदार. म्हणजे यॉर्कशायरच्या खेड्यांतला पाद्री, लंडनचा वकील, डेव्हनचा हेडमास्तर, सारे. मार्चच्या ३ व ४ तारखांस ही मंडळी आगगाड्या भरून केंब्रिजला लोटली. मत देण्याची रीत लॅटिन: अनुकूल असेल त्यानें 'प्लॅसेट' म्हणावें, प्रतिकूल असेल त्यानें 'नॉन प्लॅसेट'. ग्रीक राहावी कीं जावी याचा कौल लॅटिनमध्यें दिला जात होता, हें तेथें कोणास विनोदी वाटलें नसावें. मोजणी झाली तेव्हां अनुकूल १,०५२ आणि प्रतिकूल १,५५९ मतें निघालीं. ग्रीक राहिली. पुढल्या वर्षीं विज्ञानाच्या विद्यार्थ्यांपुरती तरी वाट मोकळी करण्याची तडजोड पुढें आली. तीहि फेटाळली गेली.

विद्यापीठांत राहून शिकविणाऱ्यांपैकीं पुष्कळांस सुधारणा हवी होती, आणि बाहेरून येणाऱ्यांनीं ती अडविली, हें ह्या मतदानाचें खरें मर्म. ज्यांना रोज वर्गांत उभें राहून नको असलेल्यांना ग्रीक शिकवावें लागे ते म्हणत होते सोडा; आणि ज्यांनीं तीस वर्षांपूर्वीं ती शिकून सोडून दिली होती ते म्हणत होते राखा. मनुष्य आपण भोगलेल्या त्रासाचा असा अभिमानी होतो. आपल्याकडेहि ज्यांना गणितांत कधीं गति नव्हती तेच मुलांच्या अवघड गणिताचें समर्थन हिरिरीनें करतांना मीं पाहिले आहेत.

जें पत्रकांना साधलें नाहीं तें महायुद्धानें साधलें. १९१६ च्या फेब्रुवारींत कित्येक नामांकित शास्त्रज्ञांनीं 'टाइम्स'मध्यें विज्ञानाच्या हेळसांडीविषयीं एक निवेदन प्रसिद्ध केलें. राज्यकारभार करणाऱ्यांना विज्ञानाचा गंध नाहीं आणि त्याचें फळ आपण रणांगणावर भोगीत आहों, असा त्याचा रोख होता. पुढें तरुण परत येऊं लागले. चार वर्षें खंदकांत काढून आलेल्या माणसास अल्फा-बीटापासून सुरुवात कर म्हणून कोणी सांगावें? शिवाय विद्यापीठांची तिजोरी रिकामी होती आणि सरकारपुढें हात पसरणें भाग होतें. १९१९ च्या जानेवारींत केंब्रिजच्या सेनेटपुढें पुन्हां प्रश्न आला. ह्या खेपेस विरोधांत दोन डझनहि मतें पडलीं नाहींत. चौदा वर्षांपूर्वीं आगगाड्या भरून आलेले दीड हजार लोक कोठें गेले होते? कांहीं वारले होते. पुष्कळांचे मुलगे गेले होते. ऑक्सफर्डनें १९२० सालीं तीच वाट धरली, पण तेथें मतांतील अंतर थोडें होतें. लॅटिनची सक्ति मात्र दोन्हीकडे आणखी चाळीस वर्षें राहिली. ती १९६० त गेली.

ग्रीक मेली का? तसें कांहीं झालें नाहीं. हेडमास्तरांची भीति बरीचशी खरी ठरली, लहान शाळांतून ती उठली. परंतु जे स्वतःच्या इच्छेनें तिच्याकडे आले त्यांनीं ती केंब्रिजमध्यें जिवंत ठेवली.

आतां राहिल्या गर्टन-न्यूनहॅमच्या मुली. सक्तीची परीक्षा पार पाडून, ट्रायपॉस देऊन, त्यांना पदवी नव्हतीच. १८९७ सालीं ती द्यावी असा प्रस्ताव आला तेव्हां सतराशेंच्या वर मतांनीं तो बुडाला, आणि सेनेट हाउसच्या समोर सायकलवर बसलेल्या स्त्रीची आकृति करून विद्यार्थ्यांनीं ती टांगली. १९०४ ते १९०७ ह्या अल्प काळांत डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजनें एक वाट उघडली. केंब्रिज व ऑक्सफर्ड येथें परीक्षा पुऱ्या केलेल्या स्त्रियांनीं यावें, फी भरावी आणि आमची पदवी घेऊन जावें, अशी ती सवलत होती. शेंकडों बाया रात्रीची बोट धरून आयरिश समुद्र ओलांडून जात, झगा व टोपी भाड्यानें घेत, पदवी स्वीकारून परतीच्या बोटीनें घरीं येत. लोक त्यांना 'आगबोटीवरच्या बाया' म्हणूं लागले.

ऑक्सफर्डनें १९२० मध्यें, म्हणजे ग्रीकची सक्ति काढली त्याच वर्षीं, स्त्रियांना पदव्या दिल्या. केंब्रिजनें त्या दिल्या नाहींत. एमिली डेव्हिस तेव्हां नव्वदीच्या झाल्या होत्या. ज्या ग्रीकसाठीं त्यांनीं आपल्या मुलींना रात्रीं जागविलें होतें ती लिटल-गोमधून गेलेली त्यांनीं पाहिली. १९२१ च्या जुलैंत त्या वारल्या. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत केंब्रिजच्या सेनेटनें स्त्रियांना विद्यापीठाचें पूर्ण सभासदत्व पुन्हां नाकारलें, आणि विजयाच्या भरांत निघालेल्या पुरुष विद्यार्थ्यांच्या जमावानें हातगाडीचा घणासारखा उपयोग करून न्यूनहॅमचें दार मोडलें. पदवी त्यांना मिळाली ती १९४८ सालीं.